डेमो आपल्याच वावरात: जेसीबी, पोकलेन, हार्वेस्टर घेण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात माझं एक जेसीबी चालतं, मध्यंतरी काही वर्षं एक पोकलेनही होतं. त्यामुळं पाहुण्यारावळ्यांत कोणाच्या डोक्यात मशीन घ्यायचं आलं की फोन ठरलेला: "भाऊ, घेऊ का मंग?" घ्या की नको ते मी सांगत नाही. डेमो कसा घ्यायचा एवढं सांगतो, आणि तेच इथं लिहून ठेवतोय. आपल्याकडं मागं खोदायचा हात आणि पुढं बकेट असलेलं कोणत्याही कंपनीचं पिवळं मशीन म्हणजे जेसीबी, आणि चेनवर चालणारं, गोल फिरणारं म्हणजे पोकलेन. पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव, पण खदानीवरच्या माणसाला त्याच्याशी काय घेणंदेणं. मीही याच अर्थानं हे शब्द वापरलेत.

डीलर खरंच गावापर्यंत मशीन आणून दाखवतो का?

जेसीबीसारखं टायरवालं मशीन असेल आणि तुम्ही खरोखर घेणार आहात असा त्याला अंदाज आला, तर आणतो. बहुतेकांकडं एखादं मशीन डेमोसाठीच ठेवलेलं असतं. मागायची लाज बाळगू नका. आपण बैलजोडी घेतानाही दात मोजून, चालवून, गाडीला जुंपून पाहत होतो. इथं तर तीस-पस्तीस लाखांचा व्यवहार आणि वर चार वर्षांचे हप्ते.

पोकलेनचं वेगळं आहे. ते चेनवर डांबरी रस्त्यानं चालवत आणता येत नाही, लो-बेड ट्रेलरवर चढवून आणावं लागतं आणि तो खर्च मोठा असतो. म्हणून डीलर म्हणतो, "आमचं मशीन अमक्या साइटवर चालू आहे, तिथं येऊन पाहा." जा जरूर, पण तो दुसऱ्याच्या कामाचा तमाशा आहे. मालकाला बाजूला घेऊन बोलता आलं तर तेवढाच त्यातला फायदा. खरं पाहायचं असेल तर त्याच मॉडेलचं मशीन आठ दिवस भाड्यानं घ्या. काही डीलर हे भाडं पुढं किमतीतून वळतं करून देतात. तसं ठरलं तर लिहून घ्या.

डेमोचे पैसे लागतात का?

नव्या मशीनच्या दोन-चार तासांचे सहसा नाही. डिझेल तुमचं असतं. ने-आणीचा खर्च कोणाचा, हे मशीन निघायच्या आधी विचारा, आल्यावर नको.

यार्डातच चालवून पाहिलं तर काय बिघडतं?

माझं बिघडलं, म्हणून सांगतो.

पहिलं मशीन घेतलं तेव्हा डीलरच्या यार्डात भुसभुशीत मातीचा एक ढीग होता. रोज दहा वेळा उकरलेला आणि दहा वेळा भरलेला. त्यात तर फावडंही जेसीबीसारखं चालेल. मे महिना होता, जमीन टणक, मशीन असं फिरलं की मी खूश. टू-व्हील ड्राइव्ह आणि फोर-व्हील ड्राइव्हच्या किमतीत फरक होता, सेल्समन म्हणाला तुमच्याकडं सपाट आहे, टू-व्हीलच पुरेल. मी पैसे वाचवले. जुलैत एका नाल्याच्या काठाला काळ्या जमिनीत मागची चाकं बसली ती तिसऱ्या दिवशी निघाली, तीही दुसऱ्याचं पोकलेन भाड्यानं आणून. त्या तीन दिवसांत गावातली पोरं रोज पाहायला यायची. डीलरनं फसवलं असं मी म्हणत नाही, त्यानं त्याच्या यार्डात जे होतं ते दाखवलं. माझं वावर त्याला माहीतच नव्हतं.

आपली काळी जमीन पाण्यानं फुगते आणि उन्हानं आकसते. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि ढेकूळ दगडासारखं लागतं. पाऊस पडला की तीच जमीन बकेटला चिकटून बसते, बकेट उलटी केली तरी माती पडत नाही. अकोला-अमरावतीकडच्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर आणखी वाईट, तिथं ही काळी जमीन खूप खोल आहे. त्यामुळं डेमो तुमच्या कामाच्या जमिनीतच घ्या. जिथं पांदण रस्ते करायचेत तिथं मुरूम, जिथं शेततळी करायचीत तिथं काळी आणि तिच्याखालचा चुनखडीचा थर, जिथं संत्र्याचे खड्डे घ्यायचेत तिथं बगिच्याची जमीन.

मग कोणत्या मोसमात बोलवावं?

दोनदा बोलवता आलं तर उत्तम: एकदा एप्रिल-मेच्या उन्हात, एकदा पावसाची उघडीप पाहून. वाफसा यायच्या आधीच, माती चिकट असताना. दुसऱ्यांदा यायला डीलर कुरकुरतो. एकदाच जमणार असेल तर ओल्यात घ्या, कारण सुक्यात सगळीच मशीनं पहिलवान असतात.

उन्हाचाही एक मुद्दा आहे. आपल्याकडं पारा ४५-४६ ला टेकतो. भर दुपारी दोन तास सलग चालवल्यावर पाण्याचं तापमान दाखवणारा काटा कुठं जातो आणि हायड्रॉलिक तेल तापून हात सुस्त पडतो का, हे सकाळी आठच्या डेमोत दिसणार नाही. डीलरला बाराची वेळ द्या.

मशीनची ताकद मोजायची कशी? सगळीच छान खोदताना दिसतात.

दिसतात, कारण आपण नुसते उभे राहून पाहतो. मोजत नाही.

मी काय करतो ते सांगतो. फक्कीनं (पांढऱ्या भुकटीनं) जमिनीवर २० फूट लांब आणि १० फूट रुंद चौकोन आखतो. तो ५ फूट खोल खोदायला सांगतो. झाले १,००० घनफूट, म्हणजे १० ब्रास. हिशेब तोंडी करता यावा म्हणून हे माप. जेसीबीच्या मागच्या बकेटमध्ये साधारण पाव घनमीटर माती बसते. १० ब्रास म्हणजे २८ घनमीटर जागची माती, ती सुटली की चवथ्या हिश्श्यानं तरी फुगते, म्हणजे ३५ घनमीटर. म्हणजे सव्वाशे ते दीडशे बकेटा. एका फेरीला २५ सेकंद धरले तर जवळपास तासाभराचं काम. तुमच्या मातीत ते ५० मिनिटांत होतं की ७० मिनिटांत, हे मोबाइलवर वेळ लावून पाहा. दुसऱ्या कंपनीच्या मशीनला शेजारीच, त्याच थरात, तोच चौकोन आखून द्या.

दहा मिनिटांनी काय होतं असं वाटेल. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल शेततळं बाजूंना उतार ठेवून धरलं तर २,१९६ घनमीटर, म्हणजे पावणेआठशे ब्रास. वरचे १० ब्रासाचे अठ्ठ्याहत्तर खड्डे. प्रत्येकी दहा मिनिटं गेली तर एका शेततळ्यामागं १३ तास. तुम्ही तासावर काम घेत असाल तर शेतकरी बोंबलेल, ब्रासावर घेत असाल तर तुम्ही.

खड्डा खोदताना आणखी काही गोष्टी पाहायच्या. पूर्ण खोलीवर हात गेला की मशीन मागून उचलतं का. बाजूचे टेकू जमिनीत रुततात का. खोदलेला माल हायवात (मोठ्या टिप्परमध्ये) टाकताना बकेट पुरेशी उंच जाते का, म्हणजे टिप्परच्या फाळक्याला घासत नाही ना. यासाठी एक टिप्पर आणून उभा करा, शेजाऱ्याचा चालेल. बकेटचं माप विचारताना सपाट भरून की ढीग करून, हेही विचारा. पत्रकात मोठा आकडा असतो तो ढिगाचा.

डिझेल किती पितं, हे एका डेमोत कळेल?

एका तासाच्या डेमोत नाही कळणार. जेसीबी तासाला चार-सहा लिटरच्या घरात डिझेल खातं. टाकी भरताना फेसामुळं अर्धा लिटर इकडंतिकडं होतोच, म्हणजे तासाभराच्या मोजणीत दहा टक्के चूक तिथंच झाली. म्हणून किमान चार तास चालवा.

पद्धत जुनीच. मशीन सपाट जागी उभं करून टाकी काठोकाठ भरा, फेस बसू द्या, पुन्हा भरा. अवर मीटरचा फोटो घ्या. काम झालं की त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून उभं करा आणि मापाच्या कॅननं पुन्हा काठोकाठ भरा. जेवढं गेलं तेवढं पिलं. डीलरचा माणूस स्क्रीनवरचा आकडा दाखवतो तो खोटा असतो असं नाही, पण त्यात नुसतं चालू ठेवून उभं राहिलेल्या वेळेचा हिशेबही मिसळलेला असतो. आता बहुतेक मशीनची नोंद मोबाइलवर येते (जेसीबीचं लाइव्हलिंक, कोमात्सूचं कोमट्रॅक्स). डेमो मशीनची मागच्या महिन्याची नोंद दाखवा म्हणून मागा. काम किती तास आणि नुसतं उभं किती तास, दोन्ही दिसतं.

एक जुनी चलाखी: डीलरचा ऑपरेटर इकॉनॉमी मोडवर ठेवून डिझेल दाखवतो आणि पॉवर मोडवर ठेवून वेग. दोन्ही मोजणी एकाच मोडवर करायला लावा.

तासाला अर्धा लिटर जास्त लागलं आणि वर्षाला १,२०० तास चाललं तर ६०० लिटर होतात. डिझेल ९० रुपये धरलं तरी ५४,००० रुपये. डीलरकडं घासाघीस करून आपण जेवढे कमी करून घेतो, त्याच्यापेक्षा हे बहुतेक वेळा जास्त भरतं, आणि दरवर्षी भरतं.

नव्या मशीनमध्ये काजळीची जाळी असते म्हणतात, त्याचं काय पाहायचं?

१ जानेवारी २०२५ पासून बांधकामाच्या यंत्रांना सीईव्ही स्टेज ५ हे धुराचे निकष लागू झाले, त्यामुळं बऱ्याच इंजिनांत एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर आलाय. तो भरला की मशीन स्वतःच तो जाळून साफ करतं. ही क्रिया डेमोत करून दाखवायला सांगा. किती वेळ लागतो, त्या वेळात काम थांबतं का, मधेच बंद केलं तर काय होतं, दिवा लागला तर ऑपरेटरनं काय करायचं. आणि आपली सवय आठवा: ड्रममधलं, गाळ बसलेलं डिझेल बादलीनं ओतायची. जुनी इंजिनं ते सोसायची.

डेमोत चालवायचं कोणी?

पहिला अर्धा तास डीलरच्या ऑपरेटरनं, पुढं तुमच्या. डीलरचा माणूस त्या मशीनवर रोज बसतो, त्याचा हात बसलेला असतो. तो सासरी गेलेल्या जावयासारखा जपून चालवतो. तुमचा ऑपरेटर घाईत, कंत्राटदार डोक्यावर उभा असताना कसा चालवेल, ते तुम्हाला पाहायचं आहे. त्याच्याकडं चालू लायसन्स हवं. नसताना काही झालं तर विमा कंपनी हात वर करेल.

ऑपरेटरचं मत घ्याच. सीट, एसी, आरसे, मागचं दिसणं, लिव्हर जड की हलकं, हे त्यालाच कळतं. दिवसाचे दहा तास तोच त्यात बसणार आहे. पण एक गोष्ट जपून लिहितो: काही ठिकाणी विक्री व्हावी म्हणून ऑपरेटरच्या खिशात चहापाणी जातं. म्हणून त्याचं मत डेमोच्या जागी विचारू नका. घरी आल्यावर, रात्री जेवताना विचारा.

खाली दगड लागला तर?

विदर्भाच्या पश्चिमेकडं, बुलढाणा-वाशिम-यवतमाळच्या बऱ्याच भागात काळ्या जमिनीखाली मुरूम आणि त्याखाली काळा बसाल्ट. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडं खडक वेगळा, आणि काम जास्त मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या गाळाचं आणि धानाच्या बांध्यांचं, म्हणजे खाचरांचं. तुमच्या कामात दगड फोडणं असेल तर डेमोला ब्रेकर लावूनच मागा. ब्रेकर लावल्यावर तेल किती तापतं, होज पाइप कुठं घासतो आणि ब्रेकर काढून बकेट लावायला किती वेळ जातो, ते पाहा. ब्रेकरचं काम पुष्कळ करणार असाल तर जेसीबी त्यासाठी नाही, पोकलेन पाहा. ब्रेकरनं जेसीबीच्या हाताचे पिन-बुश दोन मोसमांत खिळखिळे झालेले मी पाहिलेत.

रस्त्यानं आणताना कागदपत्रं कोणाची?

डीलरची. नोंदणी न झालेलं टायरवालं मशीन त्यानं ट्रेड सर्टिफिकेटवर आणायचं असतं. त्या नंबराची पाटी लाल आणि अक्षरं पांढरी असतात. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं असतील तर ती तात्पुरती नोंदणी. विम्याची प्रत ड्रायव्हरकडं आहे का, विचारून घ्या. बिनापाटीचं मशीन संध्याकाळी गावात शिरताना पाहिलं तर मी डेमोच रद्द करतो.

नाल्यातली रेती किंवा टेकडीचा मुरूम काढून पाहिला तर चालेल? खरं काम तर तेच आहे.

नाही. हे अगदी साफ सांगतो. रेती, मुरूम हे गौण खनिज आहे. परवान्याशिवाय काढलं तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि मशीन जप्त. ते डेमोचं होतं म्हणून तलाठी, मंडळ अधिकारी सोडत नाहीत. दुसऱ्याचं मशीन तहसीलच्या आवारात उभं आणि आपण रोज दोघांच्या पाया पडतोय, अशी वेळ येते.

नागपूर विभागातल्यांनी आणखी एक पाहायचं. सातबाऱ्यावर झुडपी जंगल अशी नोंद असलेल्या जमिनीवर मशीन नेऊच नका. सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ च्या निकालात अशा जमिनी वनच मानल्या आहेत. दिसायला पडीक माळ असतो, चार बोराटीची झुडपं, पण कागदावर वन. आपल्या मालकीच्या वावरात खड्डा खोदून त्याच मातीनं बुजवायचा, एवढाच डेमो.

डेमोत मशीन बिघडलं, किंवा ठिबकची पाइपलाइन तुटली तर भरपाई कोणाची?

आधी जे ठरलं त्याची. एका कागदावर चार ओळी लिहून दोघांच्या सह्या: मशीनचा बिघाड डीलरचा, तुमच्या ऑपरेटरच्या हातून झालेली मोडतोड तुमची (विम्यातून वजा जाता), जमिनीखाली काय आहे ते सांगायची जबाबदारी तुमची. पाइप आणि विहिरीची केबल कुठून गेली ते आखून द्या. धुऱ्याला (वावराच्या बांधाला) लागून खोदू नका, शेजाऱ्याचं आणि आपलं वीस वर्षांचं भांडण एका डेमोनं उकरून निघतं.

सगळी मशीनं सारखीच वाटली. आता कसं ठरवू?

तर मग मशीन सोडा आणि डीलरचा डेमो घ्या. खरं तर मी सुरुवातच इथून करतो.

मशीन आज ना उद्या बंद पडणारच. बंद पडल्यावर किती दिवस उभं राहतं यावर तुमचा हप्ता अवलंबून असतो. डीलरचं मुख्य ऑफिस नागपूरला, फार तर अमरावती-अकोल्याला. तुम्ही धारणीत किंवा कोरचीत. सिरोंचा तर नागपूरपासून साडेतीनशे किलोमीटरच्या पुढं. माझ्या मशीनचा एक साधा होज पाइप फुटला होता, ऐन मार्चमध्ये. मेकॅनिक चौथ्या दिवशी आला आणि चुकीच्या मापाचा पाइप घेऊन आला. त्या चार दिवसांत नाला खोलीकरणाचं काम दुसऱ्याला गेलं.

म्हणून हे करून पाहा. डेमो ठरायच्या आधी एखाद्या रविवारी संध्याकाळी त्यांच्या सर्व्हिसच्या नंबरवर फोन लावा. लग्नसराईतला रविवार असेल तर आणखी चांगलं. कोण उचलतं, काय बोलतं, परत फोन येतो का. मग तुमच्या तीस किलोमीटरच्या आत त्या कंपनीची मशीनं ज्यांच्याकडं आहेत, अशा तिघांना जाऊन भेटा. डीलरनं दिलेल्या यादीतले नकोत, रस्त्यावर काम करताना दिसतील ते. त्यांना "मशीन कसं आहे" असं विचारू नका, सगळे चांगलंच म्हणतात. आपल्या खरेदीला कोण नावं ठेवतो? "शेवटचं बंद कधी पडलं आणि किती दिवस उभं होतं" असं विचारा. मग बोलतात, मग थांबवावं लागतं.

जवळच्या शाखेत जाऊन काउंटरवर पाच वस्तू मागा: बकेटचे दात, पिन-बुशचा संच, सिलिंडरचा सील किट, फिल्टर, मागच्या हाताचा एक होज. पाचांतल्या किती लगेच मिळाल्या, त्या वहीत लिहा. मी तीन डीलरकडं हे केलं. एकाकडं पाचही, एकाकडं तीन, आणि एकाकडं फक्त कॅलेंडर.

जुनं मशीन घेतोय. त्याचा डेमो वेगळा असतो का?

पुष्कळ वेगळा. नव्याच्या डेमोत काम पाहायचं, जुन्याच्या डेमोत रोग.

जायच्या आधी सांगून ठेवा की मशीन सुरू करून ठेवू नका. पोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर का गरम आहे ते विचारा. थंड इंजिन कसं उठतं त्यात अर्धी गोष्ट कळते. निळा धूर राहिला तर ऑइल जळतंय. लोड दिल्यावर दाट काळा धूर निघाला तर हवा किंवा इंजेक्टरची भानगड. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण जपून सैल करा, खालून भकाभका वाफ येत असेल तर पिस्टन-रिंग गेल्यात.

मग पुढची बकेट मातीनं भरून उंच करा, इंजिन बंद करा आणि काठी लावून उंचीची खूण करा. दहा मिनिटं चहा प्या. खूण थोडी खाली सरकणं चालतं, वीतभर उतरली तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह गेलेत. मागचा हात लांब करून त्याचं टोक हातानं डावीउजवीकडं हलवा, मुळाशी खडखड वाजलं तर पिन-बुश संपले. पोकलेन असेल तर आधी खाली वाका: चेन, रोलर आणि दातेरी चाक. दातेरी चाकाचे दात शिंगासारखे टोकदार झाले असतील तर मोठा खर्च समोर उभा आहे. चेनवाल्या मशीनच्या देखभालीचा निम्मा पैसा याच खालच्या भागात जातो असं म्हणतात, माझा अनुभवही तोच.

अवर मीटरवर विश्वास ठेवू नका. ४,००० तास दाखवत असेल आणि पॅडलचं रबर गुळगुळीत, सीट फाटलेली, लिव्हरवरचे आकडे पुसलेले असतील तर मीटर बदललेलं आहे. चेसिस नंबर घेऊन डीलरकडं जा आणि सर्व्हिसची नोंद पाहा.

टायरवाल्याचं आरसी, त्यावर फायनान्सचा बोजा, बोजा फिटला असेल तर फायनान्सवाल्याचं नाहरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, मालकी बदलायचे विकणाऱ्याच्या सहीचे फॉर्म २९ आणि ३०, हे सगळं पाहा. पोकलेनला आरसी नसेल तर मूळ बिल आणि नाहरकत पत्र हातात आल्याशिवाय इसार देऊ नका. इंजिनवरचा नंबर पुसून, घासून, स्वतः वाचा.

सोयाबीन-धानाच्या हार्वेस्टरचा डेमो कसा घ्यावा?

हंगामातच, तुमच्या उभ्या पिकात. मशीन गेल्यावर मागं जमिनीवर एक मीटर बाय एक मीटरची लाकडी चौकट टाका आणि त्यातले सांडलेले दाणे मोजा. काढणीच्या आधीच शेंगा फुटून पडलेले दाणे शेजारच्या उभ्या पिकात तशीच चौकट टाकून मोजा आणि वजा करा. सोयाबीनच्या शंभर दाण्यांचं वजन ११ ग्रॅमच्या आसपास भरतं. चौकटीत १०० दाणे जास्त सापडले तर एकरी ४५ किलो वावरातच राहिले. पाच ठिकाणी मोजा. मग ड्रमचा आणि पंख्याचा वेग बदलायला लावा आणि पुन्हा मोजा. ऑपरेटर कंटाळेल, कंटाळू द्या. टाकीतले दाणे मुठीत घेऊन फुटलेले किती तेही पाहा, बियाणं ठेवायचं असेल तर हेच सगळ्यात महत्त्वाचं.

धानवाल्यांनी ओल्या बांधीत चेनवालं मशीन वळताना पाहावं. सरळ चालताना ते छानच दिसतं. धुऱ्याजवळ वळताना बांधी किती उकरतं आणि लहान बांधीतून दुसऱ्या बांधीत कसं चढतं, ते बघा.

ट्रॅक्टरलाही एवढं करायचं का?

ट्रॅक्टरचा निम्मा डेमो आधीच कोणीतरी घेतलेला असतो. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची यंत्र तपासणी संस्था आहे. तिच्या अहवालात पीटीओवर (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवर) प्रत्यक्ष किती एचपी मिळाले, ओढ किती, तासाला डिझेल किती, हे सगळं असतं. डीलरकडं तो अहवाल मागा. बॉनेटवर लिहिलेले एचपी आणि पीटीओवरचे एचपी यांतला फरक पाहून रोटाव्हेटर किती फुटी घ्यायचा ते ठरवा. उरलेला डेमो तुमच्या वावरात, तुमच्या अवजारासह.

अनुदान मिळेल का?

ट्रॅक्टर आणि शेतीच्या अवजारांना महाडीबीटीवरून अर्ज करता येतो. पूर्वसंमती यायच्या आधी बिल फाडलं तर अनुदान गेलं, डेमो आवडल्याच्या भरात हे पुष्कळांचं झालंय. जेसीबी-पोकलेन कृषी यांत्रिकीकरणाच्या यादीत शोधू नका.

डेमोचंच मशीन स्वस्तात देतो म्हणतात. घ्यावं?

वाईट नसतं. शेपाचशे तास चाललेलं, पण पाच-पन्नास नवशिक्यांच्या हातांखालून गेलेलं. त्याला जुन्या मशीनसारखं तपासा. वॉरंटी कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या तासापासून धरणार, ते बिलावरच लिहून घ्या.

"आधी बुकिंग करा, मग डेमो देतो" असं म्हणाले तर?

दुसऱ्या डीलरला फोन करा. टोकन द्यायचंच झालं तर पावतीवर "डेमो पसंत न पडल्यास पूर्ण परत" असं लिहिलेलं हवं. फायनान्सच्या कोऱ्या फॉर्मवर सही नाही म्हणजे नाही. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि दसरा-पाडव्याच्या तोंडावर ही घाई जास्त होते, कारण त्यांना आकडा पुरा करायचा असतो. घासाघिशीला मात्र तोच आठवडा चांगला.

घेतल्यावर डेमोसारखं चाललंच नाही तर?

डेमोच्या दिवशीची वही इथं कामाला येते: तारीख, अवर मीटरचे फोटो, खड्ड्याचं माप, डिझेल, हजर माणसांच्या सह्या. आधी डीलर आणि कंपनी, दोघांनाही लेखी तक्रार. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेलं मशीन असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही ग्राहक ठरता. तुम्ही दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, डीलरच्या गावी जावं लागत नाही. चार-पाच मशीनं, पगारी ऑपरेटर, मोठी कंत्राटं असा पसारा असेल तर हे दार बहुधा बंद.

डेमो घेतला, जेवू घातलं, आता नाही म्हणायला जड वाटतं.

सगळ्यांनाच वाटतं. तो माणूस दीडशे किलोमीटरवरून मशीन घेऊन आलेला असतो, घरच्यांनी पिठलं-भाकर केलेली असते, गाव गोळा झालेलं असतं, आणि कोणीतरी नारळही आणून ठेवलेला असतो. म्हणून मशीन यायच्या आधीच फोनवर सांगून टाका की तीन कंपन्यांचे डेमो घेणार आहे आणि उत्तर पंधरा दिवसांनी देणार. त्या दिवशी नारळ फोडू नका.

पंधराव्या दिवशी स्वतः फोन करून नाही म्हणा, आणि का ते सांगा: तुमचं मशीन खड्ड्याला बारा मिनिटं जास्त घेत होतं, किंवा दिग्रसला तुमचा मेकॅनिक नाही. मी असं एकाला सांगितलं होतं. दोन वर्षांनी त्याचाच फोन आला, भाऊ, दिग्रसला माणूस बसवलाय, येऊ का डेमोला. मी म्हटलं ये, पण बाराच्या उन्हात.